धुळवडीला उघडलेली चाकं

फाल्गुन वद्य प्रतिपदा, म्हणजे धुळवड. हजर मंडळी: आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले आणि सकाळपासून कोणाशी न बोललेले. आई, चुलीपाशी. दत्तूदादा, माझा थोरला भाऊ, गाडीचा मालक आणि ड्रायव्हर. त्याची बायको मंजुळावहिनी, लग्नाला वर्षही न झालेली. पिंपरीहून सायकल मारत आलेले इब्राहिमभाई मेस्त्री. आणि मी, सुलोचना, नववीत शिकणारी. गैरहजर: आबांचा थोरला बैल पाखऱ्या, खुराला दुखापत होऊन गोठ्यात पडलेला. त्याच्या गैरहजेरीवरूनच सगळं घडलं, म्हणून त्याचंही नाव घेतलं. अंगणाच्या मधोमध आमची पिकअप गाडी उभी होती, पुढचं उजवं चाक हवेत.

गाडी लष्करातून निवृत्त झालेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर देहूरोडच्या बाजूला जुन्या गाड्या लिलावात निघत, त्यातली एक फिरत फिरत दादाच्या हाती आली. हिरवा रंग जागोजागी पोपडे धरलेला, पुढे तिघांनी चेपून बसायची जागा, मागे उघडा हौदा. आमचं गाव भोसरी आणि चाकण यांच्या मधलं. पहाटे हौद्यात कांदे, बटाटे, मेथीच्या जुड्या भरायच्या आणि उजाडायच्या आत पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांच्या दारात गाडी उभी करायची, हा दादाचा धंदा. तिथून तो मला चिंचवडच्या हायस्कुलाशी सोडी. गावात शाळा सातवीपर्यंत. त्यापुढे शिकायला गेलेली आमच्या गावातली मुलगी म्हणजे मी एकटी, आणि तीही बुद्धीपेक्षा गाडीच्या जोरावर. मेथीचा वास असलेलं दप्तर घेऊन मी वर्गात शिरले की मुली नाकं दाबत. मला त्याचं काही वाटत नसे. गाडीत बसून शाळेला येणारी दुसरी होती का कोणी?

त्या माघात पुढचं उजवं चाक बोलायला लागलं. आधी बारीक गुणगुण, मग जात्यात खडे पडावेत तशी घरघर. उताराला तर पुढच्या वळणावरून गाडी येतेय हे माणसांना गाडी दिसण्याआधी कळे. आबांना ते सहन होत नसे. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस, शिवाय भजनात टाळ धरणारा, कानाने फार तिखट. गाडी वाड्याच्या वळणाला आली की ते आईला म्हणत, "आला तुजा ल्योक, दळण घिऊन."

दरवर्षी बीजेला, म्हणजे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गावची भजनी मंडळी आणि पंगतीची मोठी भांडी देहूला आबांच्या बैलगाडीतून जात. तो मान आमच्या घराचा. यंदा पाखऱ्या बसला आणि मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं की दत्तूची मोटार आहेच. आबांना हे लागलं. होळी पेटल्यावर, सगळा गाव बोंब मारत असताना, त्या गलक्यात त्यांनी दादाला बाजूला घेतलं. मी मागेच नारळ धरून उभी होते, म्हणून शब्द न शब्द ऐकला.

"परवा मंडळी तुज्या मोटारीत बसनार. माज्या गाडीचं चाक कवा वाटंत बसलं न्हाई. तुजं बसलं, तर दुसऱ्या दिशी ती चाकणच्या बाजारात हुबी करायची. ज्याला पायजे त्यानं न्यावी. मंग शेती कर न्हाईतर कारखान्यात जा."

"आन सुलीची शाळा?" दादाने विचारलं.

"शाळा काय चाकावर चालती व्हय?" आबा म्हणाले.

चालत होती. माझी शाळा चाकावरच चालत होती.

दादा सकाळी उठल्या उठल्या सायकलवरून पिंपरीला गेला आणि इब्राहिमभाईंना घेऊन आला. नवी बेअरिंगं त्याने आधीच पुण्यात नाना पेठेतून आणून खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळून ठेवली होती. फक्त बसवायला दिवस मिळत नव्हता, कारण गाडी रोजच रस्त्यावर. धुळवडीला बाजार बंद, इब्राहिमभाईंच्या दुकानातही गिऱ्हाईक नसे. तेव्हा हाच दिवस. इब्राहिमभाईंनी वेशीतून आत येताना जे पाहिलं त्याने त्यांचा चेहरा उतरला. पोरं राखेच्या टोपल्या घेऊन पळत होती, कोणी चिखलात लोळत होतं, कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर घमेलं पालथं करत होतं.

"दत्तू, भावा," ते अंगणात येऊन म्हणाले, "बेअरिंगचा दुश्मन कोण, ठाऊक आहे? धूळ. आणि तू बेअरिंग उघडायला दिवस कोणता काढलास? धुळीचा सण!"

"मग परत जाता का?" दादा हसत म्हणाला.

"जातो कसला. काकींच्या पुरणपोळ्या कालच्या असतील ना? शिळी पोळी दुधात. ती खाल्ल्याशिवाय मी कुठं जात नाही." इब्राहिमभाई असे होते. स्वतःच्या कामाची बढाई आणि दुसऱ्याच्या घरच्या जेवणाची तारीफ, दोन्ही मोठ्या आवाजात.

मग मी कामाला लागले. आज माझी मुलं मला हसतात, घरात लग्न असो की रंगकाम, आई आधी माणसांना कामं वाटून देते. ती सवय त्या दिवशीची. मी सगळ्यांना कामं सांगितली आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी ऐकली. आईची दोन जुनी लुगडी गाडीच्या पुढच्या भागाभोवती बांधून खोली केली. अंगणात पाणी शिंपडलं. दार लोटून मंजुळावहिनीला तिथे उभं केलं, हातात कळशी देऊन. ग्रीसचा डबा ओट्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली ठेवला. त्यातलं दोन चाकांपुरतं ग्रीस मी लाकडी उलथन्याने काढून पळसाच्या दोन द्रोणांत भरलं आणि माजघरात टोपलीखाली झाकलं. आई लोणी काढलं की असंच करी, रोजचं वेगळं, सणाचं वेगळं, म्हणजे एकदम संपत नाही. चार चाकांचे चार द्रोण करणार होते, पण आईने दोनच दिले. बाकीचे देहूच्या प्रसादाला लागणार होते.

"काय गं, प्रसाद वाटतेस?" इब्राहिमभाई म्हणाले. "आम्ही डब्यात हात घालतो आणि घेतो."

"तुमचे हात कसे आहेत बघा की," मी म्हटलं. त्यांनी पाहिले. कोपरापर्यंत राख. वेशीतच पोरांनी गाठलं होतं.

चाक निघालं. हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, तोंडावरची पत्र्याची टोपी ठोकून काढली, वाकवलेली पिन सरळ करून ओढली, नट सुटला आणि इब्राहिमभाईंनी हब अलगद पुढे ओढला तसं बाहेरचं बेअरिंग त्यांच्या हातात पडलं. जुनं ग्रीस काळं, वाळलेल्या काकवीसारखं. रॉकेलच्या पाटीत ते धुतलं आणि त्यांनी माझ्यासमोर धरलं. लाटण्याच्या तुकड्यांसारख्या, तिरक्या बसवलेल्या छोट्या छोट्या लोखंडी लाट्या, गोल ओळीत, आणि त्यांतल्या कितीतरींना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. "हे बोलत होतं," ते म्हणाले. त्या महिनाभराच्या घरघरीला असं एक तोंड आहे हे पाहून मला इतका आनंद झाला की मी ते उचलून आबांना दाखवायला ओट्यावर नेलं. आबांनी बघितलं, बोट फिरवलं, परत दिलं. पण त्यानंतर ते ओट्याच्या आतल्या टोकाकडून बाहेरच्या टोकाला सरकून बसले, हे मी पाहिलं.

बेअरिंग ज्यात फिरतं ते बाहेरचं कडं, त्याला इब्राहिमभाई कप म्हणत, तेही बदलावं लागतं. जुना कप हबमधून ठोकून काढताना आवाज असा होई की गोठ्यातला पाखऱ्या हंबरे. नवा बसवताना ते एका जागी मारत नसत. इकडे एक, समोर एक, पुन्हा इकडे. कप सरळ बसत आला की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द वाजणारा एकदम खणखणीत होतो. तो बदलला त्या क्षणी ओट्यावरून आबांची मान वर झाली.

आणि नेमकी तेव्हा दारावर धुळवड आली. पुढे आमचा चुलतभाऊ नामा, अंगावर कपडा किती आणि चिखल किती कळू नये असा.

"ए दत्तू! भाईर ये! आज मोटारीलाबी आंघूळ घालायची!"

"लांब राहा!" मंजुळावहिनी कळशी उगारून ओरडली. "चाकं उघडी हायती!"

"चाकं उघडी? मंग झाकाया आमी आलोच की, वैनी!"

लुगड्याच्या आत हब उघडा, नवं बेअरिंग ताटात. इब्राहिमभाईंनी स्वतःचा सदरा काढून ताटावर टाकला आणि वर ओणवे झाले, कोंबडी अंड्यांवर बसावी तसे. मी दारात धावले, पण आई माझ्याही पुढे. ती नामाला म्हणाली, "नामा, तुला मोटार रंगवायची ना? मागची बाजू तुजी. हौदा, फळ्या, काय पायजे ते. पर लुगड्याच्या अलीकडं पाय टाकलास तर संध्याकाळी रस्सा न्हाई." धुळवडीचं मटण नामाच्याच घरी, पण ते शिजवायला दरवर्षी आईच जाई. आमच्याकडे आबा माळकरी, आमच्या चुलीवर ते चालत नसे. नामाने क्षणभर विचार केला. मग सगळी झुंड मागच्या बाजूला गेली आणि पोरांनी हौद्याला असा लेप दिला की दुसऱ्या दिवशी मंडळींनी बसण्याआधी तो फावड्याने खरवडावा लागला. दादाला मात्र त्यांनी ओढून नेलंच. तो परत आला तेव्हा डोळे तेवढे ओळखू येत होते.

आता स्वच्छ हात उरले आम्हा तिघी बायकांचे. इब्राहिमभाईंनी दाखवलं: तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढायची, पुन्हा पुन्हा, लाट्यांच्या फटींतून ग्रीस दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. वरून नुसतं फासायचं नाही. "पोळीत पुरण कडेपर्यंत जायला पाहिजे, तसं," आई म्हणाली आणि पहिलं बेअरिंग तिनेच भरलं. फटीफटींतून पिवळसर ग्रीसचे बारीक शेंगोळे वर आले तेव्हा आम्ही तिघी ओरडलो. उजवं चाक चढलं. आम्ही जेवायला आत गेलो. इब्राहिमभाईंनी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत नाही, त्यांच्या नातवंडांनी हे वाचलं तर बरं दिसायचं नाही. आबा आमच्याआधीच जेवून उठले होते.

जेवणानंतर डावं चाक. इथे बेअरिंगं चांगली निघाली, नुसती धुऊन नवं ग्रीस भरायचं. दुसरा द्रोण मी बाहेर आणला, आतलं बेअरिंग भरलं, ते बसलं. इब्राहिमभाई म्हणाले, बाहेरचं भरण्याआधी हबच्या पोकळीत जरा हात सैल सोड, डब्यातलं घे. मी पोतं बाजूला केलं, डबा उघडला आणि मूठभर ग्रीस तळहातावर घेतलं.

कचकच लागली. भाकरीच्या पिठात रेती आली की दातांना कळते, तशी तळहाताला कळली. मी हात उजेडात धरला. पिवळं ग्रीस करडं झालं होतं, आत काळे ठिपके.

"थांबा!" मी ओरडले. इब्राहिमभाईंनी बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "राख. नीट कालवलेली. हे आत गेलं असतं तर देहू सोडा, इंद्रायणीपर्यंतसुद्धा..."

"नाम्या!" दादा दात खात दाराकडे निघाला. "त्येच्या तर..."

"नामानं न्हाई टाकली."

आबा ओट्याशी उभे होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं करडी होती. मघाशी ती पाहून मला वाटलं होतं, कपाळाला होळीची राख लावली असेल.

"म्या टाकली. होळीतली, ताजी, वस्त्रगाळ करून. वंगनाला राख लागतीच की. नुसतं त्याल गळून जातं. तुमी सगळी पोळ्या खात हुता, म्हनलं..." ते आमच्याकडे पाहत नव्हते. "म्हनलं, आपल्याबी हातचं कायतरी असावं."

बैलगाडीचं वंगण आबा स्वतः करत. एरंडेल आणि जाळलेल्या चिंध्यांची राख, बांबूच्या नळ्यात, गाडीच्या साटीला, म्हणजे बैठकीच्या चौकटीला, टांगलेलं. लाकडी तुंब्यात फिरणाऱ्या लोखंडी कण्याला ते लागतं. त्या वंगणावर त्यांची गाडी जन्मभर देहूला गेली होती. आणि जी गाडी बंद पडली तर विकायची असं त्यांनी आदल्या दिवशी होळीपुढे सांगितलं होतं, तीच बंद पडू नये म्हणून हा माणूस सगळे जेवत असताना होळीची राख फडक्यातून गाळत बसला होता. मला त्या वेळी हसू आलं की रडू, ते आठवत नाही. इब्राहिमभाईंना मात्र हसू आलं, गडगडाटी.

"आबा, अख्खी धुळवड आम्ही दाराबाहेर अडवली राव! आणि ती घरातूनच निघाली!"

आईने पदर तोंडाला लावला. वहिनी वळून भिंतीकडे बघू लागली. आबा गोठ्यात गेले.

डबा वाया गेला. द्रोणात उरलं होतं त्यात बाहेरचं बेअरिंग नीट भरलं, हबच्या पोकळीला जेमतेम हात लागला. मागच्या दोन चाकांसाठी काहीच उरलं नाही, आणि त्या दिवशी दुकान कुठलं उघडं असणार? "मागची अजून दम धरतील," इब्राहिमभाई म्हणाले, "पण फार दिवस थांबू नका." मग त्यांनी नट आवळला, चाक फिरवत फिरवत, आणि पुन्हा केसभर सैल सोडला. घट्ट बसलं तर बेअरिंग तापतं, सैल बसलं तर चाक डुलतं. पिन घातली, टोपी ठोकली. चाक अजून हवेत होतं. मी त्याला हाताने गती दिली. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. आवाज नाही. अंगणात एवढी शांतता झाली की गोठ्यातून आबांच्या खाकरण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी हौद्यात भजनी मंडळी, टाळ, मृदंग, पंगतीची पातेली. आबा पुढे बसायला तयार झाले नाहीत, मंडळींबरोबर मागे बसले. मी दादाशेजारी. गाव सुटलं तेव्हा मागे भजन चालू होतं आणि मी मात्र कान खाली, चाकांकडे लावून बसले होते. वाट खडकाळ, मग मऊ मातीची, मग नदीकडचा उतार. उजवं चाक बोललं नाही. डावं बोललं नाही. उताराच्या तळाशी दादाने गाडी थांबवली. इब्राहिमभाईंनी बजावलं होतं, मध्यावर थांबून हबला हात लावून पाहा. पण हे मागे कोणाला ठाऊक? भजन मधेच तुटलं. "बसली वाटतं," कोणीतरी म्हणालं. एक पातेलं कलंडून खणाणलं.

आबा सगळ्यांत आधी खाली उतरले. त्यांनी दादाला बाजूला केलं आणि स्वतःचा तळहात पुढच्या उजव्या हबवर ठेवला, तापलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग डाव्या. कोमट, एवढंच. मग ते सावकाश मागे गेले आणि मागच्या दोन्ही चाकांना हात लावून उभे राहिले.

"दत्तू," ते म्हणाले, "ही मागली जरा ऊन लागत्यात. ह्यांचं कवा करायचं?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "आवसंला, आबा. बाजार बंद असतो."

"मंग तवर नवा डबा आन." ते हौद्यात चढले, टाळ उचलले. "आन ह्या बारीला डबा माज्या हाती लागंल आसा ठिऊ नगंस."

मागे कोणीतरी मोठ्याने हसलं आणि भजन जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. दादाने गाडी चालू केली. मी दप्तर नसतानाही मांडीवर हात असे ठेवून बसले होते, जणू ते तिथे आहे. अमावस्येपर्यंत करायच्या कामांची जुळणी मी तेव्हाच मनात सुरू केली: ग्रीसचा नवा डबा, इब्राहिमभाईंना निरोप, पळसाची पानं, पुन्हा दोन द्रोणांपुरती. मागची दोन्ही चाकं तेवढी राहिली होती.